विलायती मेंदीच्या पलीकडची बाई

सुशे,

आज सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "कमलताई, एका बाईला विचारायचं होतं."

माझ्या हातात कपबशी होती. ती मी खाली ठेवली, कारण नाहीतर फेकली असती. "चार वाजता या," म्हणाले. आवाज गेला. चार वाजायला अवकाश आहे, आणि तोवर मला तुझ्याशी भांडून घ्यायचंय.

तू गेल्यावर झालेल्या तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की माझी दाढ ठणकायला लागली. सुशीलाताई म्हणजे कॉलनीची माउली. सुशीलाताईंनी कधी कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. सुशीलाताई कधी खोटं बोलल्या नाहीत. हे शेवटचं ऐकलं तेव्हा मी एवढ्या जोरात नाक शिंकरलं की पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी वळून बघितलं. मग मलाच बोलावलं, "कमलताई, तुम्ही तर नकला करता, छान बोलता, दोन शब्द बोला." मी मान हलवली. त्यांना वाटलं, बिचारीला हुंदका आवरत नाहीये. हुंदका कसला? पांढऱ्या साड्यांच्या त्या रांगांसमोर मला उभं राहून सांगायचं होतं की ही बाई एक नंबरची लबाड होती. बरं झालं, नाही बोलले. ते फक्त तुझ्या तोंडावर सांगण्यासारखं आहे.

आणि वर तू मला हे काम लावून गेलीस. तुझ्या फडताळातली काढ्याच्या वाळलेल्या फळांची बरणी मिलिंदनं परवा माझ्या ओट्यावर आणून ठेवली. डोळे सुजलेले, आवाज तुझ्यासारखाच मऊ. "मावशी, आईचं आता तुम्ही बघा." तुझा मुलगा आहे, त्याला मी काय बोलणार? तर आता चारला मी ठरवायचंय. मूठभर फळं कागदात बांधून कुंपणावरून द्यायची, "त्या बाईला म्हणावं, दोनदा उकळून घे," असं तुझ्या आवाजात सांगायचं, आणि तुझी गादी पुढे चालवायची? की ही गादीच उधळून टाकायची?

उद्या हे कुणा तिऱ्हाइताच्या हाती पडलं तर त्यानं आपलं कुंपण पाहिलेलं नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. तूही ऐक. तू ही गोष्ट नेहमी चुकीची सांगायचीस. स्वतःला फार शहाणं आणि मला फार बावळट करून.

सत्तरच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. कॉलनी म्हणजे काळ्या मातीत समोरासमोर उभ्या केलेल्या घरांच्या दोन रांगा. इंदिरानगर तेव्हा नीट वसायचं होतं, रिक्षावाला यायला तयार नसायचा. तुझं घर आणि माझं घर शेजारी, मध्ये फक्त चुन्याची रेघ. सगळ्यांनी कोयनेल लावली. मातीत काडी खोचा, एक पावसाळा जाऊ दे, कुंपण तयार. मीही एक भारा आणून ठेवला होता. तेवढ्यात तू देवळालीच्या शाळेत शिकवून एसटीनं आलीस, कडेवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या फांद्या. तिथल्या एका जुन्या बंगल्याचं कुंपण माळ्यानं छाटलं होतं आणि तू रस्त्यावरची छाटण गोळा केली होतीस. कंडक्टरनं तुला विचारलं होतं म्हणे, "बाई, पाला आणला, शेळी कुठंय?"

"हे काय गं?" मी विचारलं.

"विलायती मेंदी."

"हात रंगतात?"

"नाही."

"मग तिला मेंदी कशाला म्हणायचं?"

"तुला कमळ म्हणतात. तू काय तळ्यात उगवलीस?"

ही आपली पहिली ओळख. अजून एकमेकींची आडनावंसुद्धा विचारली नव्हती.

ती पहिली सगळी काडी मेली. भर आषाढात काळ्या मातीत लावलीस, पाणी साचलं, मुळं फुटण्याआधी कुजली. मी अंगणात उभी राहून छाती पिटली, टाहो फोडला, एकेका काडीचं नाव घेऊन रडले. तू दारात उभी राहून हसलीस आणि दुसऱ्या दिवशी कुदळ आणलीस. चुन्याच्या रेघेवर चर खणलास. समोर घरं बांधणं चालू होतं, तिथल्या फुटक्या विटा पदरात भरून आणल्यास, तळाशी घातल्यास, वर नदीची वाळू, वर माती, आणि सगळं जमिनीपेक्षा वीतभर उंच. "हिला तहान चालते," तू म्हणालीस, "पाय ओले राहिलेले चालत नाहीत." पावसाळा सरल्यावर पुन्हा देवळालीहून काड्या. ना फार कोवळ्या, ना फार जून. बोटाएवढे तुकडे, खालची पानं काढलेली, वाळूत खोचलेले, आणि त्यांच्यावर काचेच्या बरण्या उपड्या. तुझ्या संपल्या तेव्हा माझ्या नेल्यास. त्या वर्षी आमच्याकडे लोणचं पातेल्यात राहिलं आणि सासूबाईंनी मला जे ऐकवलं ते तुला मी अक्षरशः करून दाखवलं होतं, त्यांच्या नाकातल्या आवाजासकट.

आणि मग वाढेचना! लोकांची कोयनेल डोक्यावर गेली, आणि आपल्या मध्ये ढोपराएवढी नक्षी. मिलिंद चड्डीतून फुलपँटमध्ये गेला तेव्हा कुठं कुंपण माझ्या कमरेला लागलं. पण काय लागलं, सुशे. बारीक, चकचकीत, गच्च पानं. तू एक पान तोडून माझ्या डोळ्यांसमोर उन्हात धरलंस, त्यात सुईनं टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके. मग ते चुरगाळून नाकाशी. जायफळासारखा, निलगिरीसारखा, आणि तिसरा एक वास जो कशासारखाच नाही. "जांभूळ, पेरू, निलगिरी आणि ही," तू म्हणालीस, "सगळी एका घरातली." वैशाखात फुलं आली, पांढरी, पावडर लावायच्या पफसारखी, केसरच केसर. पौर्णिमेला तू ती ताटलीत घालून बुद्धांच्या मूर्तीपुढे ठेवलीस आणि तुझ्या घरातून तो वास माझ्या स्वयंपाकघरात आला. त्या दिवशी मी कोयनेलचं नाव टाकलं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. आता ऐक आणि चूप बस.

कमरेला लागलं तेव्हाच आपलं मोठं भांडण सुरू झालं. मी म्हणत होते, इथंच कापू. बोलताना तोंड दिसतं, वाटी देता येते, घेता येते. तू म्हणालीस, "वाढू दे. डोक्यावर जाऊ दे." का, ते सांगितलं नाहीस. तू वरचं टोक शिंप्यासारखं सरळ कापायचीस आणि उंची मात्र दर वर्षी टीचभर वाढू द्यायचीस. मी रागानं माझ्या बाजूला कात्रीच लावायची नाही असं ठरवलं, तर माझ्याच बाजूला फुलं जास्त. ज्या टोकावर कळी यायची तेच टोक तू कापत होतीस, आणि वर मला म्हणायचीस, "आळशी बायकांचं नशीब थोर असतं."

मग ती फळं. पावसाळ्यानंतर धरायची, थंडीत काळी-निळी व्हायची. भद्रकालीतल्या एका हकिमाच्या दुकानात तुला तीच फळं वाळवून ठेवलेली दिसली, त्यांनी तुला पोटाचा उपाय सांगितला. मिलिंदला जुलाब झाले, तू काढा दिलास, थांबले. थांबायचेच होते, सुशे. मुलांचे जुलाब पेज दिली तरी थांबतात. पण कॉलनीत बातमी गेली. पाला घालून उकळलेलं खोबरेल केसांना, पाल्याच्या पाण्यानं गुळण्या तोंड आलं तर, आणि पोटाला काढा. मी काही म्हणत नाही. पुष्कळांना बरं वाटलं. माझी दाढ दुखायची तेव्हा मीही गुळण्या केल्यात.

पण आपल्या कॉलनीची रीत बघ. इथं कुणाचंही पोट कधी बिघडलं नाही! एवढी वर्षं मी माझ्या ओट्याच्या खिडकीतून ऐकलं, तू कुंपण मागच्या गल्लीच्या कडेनंही वळवलं होतंस, तिथं त्याला तोंड लावून बायका उभ्या, आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य ठरलेलं, "एका बाईला विचारायचं होतं." त्या एका बाईला जुलाब, त्या एका बाईला मूळव्याध, त्या एका बाईचा महिना दोनदा येतो. आणि पलीकडे धुण्याच्या दगडावर बसून तू, चेहरा न दिसता, "त्या बाईला सांग, तिखट बंद." "त्या बाईला विचार, रंग कसा होता?" बाहेरची एक क्षण थांबायची, मग म्हणायची, "काळसर होता… म्हणजे, ती म्हणत होती." मी ओट्यावर पदर तोंडात कोंबून बसायचे, आणि संध्याकाळी तुलाच ते सगळं सांगायचे, नकलेसकट. तेव्हा कळलं तुला उंच कुंपण कशाला हवं होतं. एका शब्दानंही न बोलता तू बायकांना बोलायची जागा करून दिलीस. त्यासाठी तुझ्या पाया पडावंसं वाटलं होतं मला. आता वाटतंय, ते कुंपण त्याच दिवशी कोयत्यानं साफ करायला हवं होतं.

तुझा नियम होता, "कुंपणाशी आली तर औषध, घरात आली तर चहा." फार गोड नियम, सगळ्यांनी कार्यक्रमात सांगितला. कुणी हे सांगितलं नाही की त्यातल्या कितीतरी जणी कुंपणाशीच थांबायच्या, त्या लाजेपायी नव्हे. त्यांना तुझ्या घरात चहा प्यायचा नव्हता. तिसऱ्या घरातल्या कुसुमवहिनी, आपल्याबरोबर या कॉलनीत आल्या, मिलिंदच्या बारशापासून तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत तुझा उंबरा ओलांडला नाही. तुझी फळं मात्र पोटात चालली. मी चिडायचे. तू म्हणायचीस, "यायचं असेल तर येतील. मी दार लावलेलं नाही." असली शांत माणसं मला सहन होत नाहीत. आमच्या सासूबाई तरी काय वेगळ्या? तुझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या. मग अंथरुणाला खिळल्या, पडून पडून पाठ फुटायला आली, आणि रोज शाळेतून आल्यावर पाल्याच्या कोमट पाण्यानं तू त्यांचं अंग पुसून द्यायचीस. मी चादर धरायचे. एकदा त्यांनी तुझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बाहेर आल्यावर मी रडायला लागले तर म्हणालीस, "चादर वाळत घाल आधी."

ते ऋण मी मानते. ते मानूनच भांडतेय.

आता त्या बाईचं बोलू. सटाण्याच्या.

मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी मी कुंपणाला टेकून शेंगा सोलत होते. तू पलीकडून म्हणालीस, "कमळे, आमच्या सटाण्याकडची एक बाई आहे. जेवली की घास पोटात दगडासारखा बसतो म्हणते. भूक लागते, पण दोन घासांत भरते. काढा घेते, पण उतार नाही. काय सांगू तिला?"

तू! मला विचारलंस! तुझ्या एवढ्या वर्षांच्या दवाखान्यात पहिल्यांदाच माझा सल्ला घेतला गेला, आणि मी फुगले. म्हणाले, "तिला म्हणावं काढा ओत मोरीत आणि डॉक्टरकडे जा."

"सांगते तिला," तू म्हणालीस.

पुढच्या रविवारी मीच विचारलं, "गेली का गं तुझी बाई?"

"नाही म्हणते. कांद्याचं काम आहे म्हणते."

"कांदे काय तिच्याशिवाय सडणार आहेत?"

"तसं नाही. तिच्या गावात तीच सगळ्यांना औषध देते. ती डॉक्टरकडे गेली तर लोक काय म्हणतील?"

मी हसले! तूही हसलीस. आणि मग मी काय केलं, सुशे? तेच, जे मला येतं. मी ती बाई करून दाखवली. तुझ्या माहेरची बोली तूच मला शिकवलेली. कमरेवर हात ठेवून, डोक्यावर पदर ओढून, मी त्या कुंपणासमोर प्रयोग लावला. "मना पोटमा दुखस वं माय! पन डाक्टरकडे कसाले जावानं? मीच डाक्टर शे!" तू पलीकडे इतकी हसलीस की तुला उचकी लागली. "परत कर," म्हणालीस. मी परत केलं. मग दर रविवारी नवा प्रवेश. त्या बाईचा पदर खांद्यावरून घसरतो कारण खांदेच राहिले नाहीत. त्या बाईची पोळी कुत्रं खातं. हे सगळं तू पुरवायचीस आणि मी रंगवायचे, आणि प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी मी ओरडायचे, "डॉक्टरकडे पाठव तिला, मेले!" आणि तू म्हणायचीस, "सांगते तिला."

कुंपण डोक्यावर गेलेलं. मला तुझा चेहरा दिसत नव्हता. रस्त्यात भेटायचीस तेव्हा म्हणाले होते, "वाळलीस गं." "शाळेत परीक्षा आहेत," म्हणालीस. परीक्षा होत्या.

आता लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, की इतकी जवळची, हिला कळलं कसं नाही? मी नाही घेत ते अंगावर. कॉलनीतली कुठलीही बाई "एक बाई" म्हणाली असती तर मी झोपेत ओळखलं असतं. पण तू दगडावर बसणारी होतीस. औषध देणारी बाई उठून कधी बाहेरच्या गल्लीत येऊन उभी राहिली, हे मला कोण सांगणार होतं? तूच सांगायला हवं होतंस. एवढी वर्षं दुसऱ्यांची लाज सांभाळलीस, आणि त्याच आडोशाला स्वतः जाऊन बसलीस. त्यांच्यासाठी जे केलंस त्यानंच तुला गिळलं, आणि तुला ते कळत होतं. म्हणून तर मला विचारत होतीस. दर रविवारी विचारत होतीस. दर रविवारी मी तुला बरोबर उत्तर दिलं. एकदाही चुकलं नाही माझं उत्तर!

तू शाळेत चक्कर येऊन पडलीस तेव्हा कुठं दवाखाना. मी तुझ्या खाटेपाशी होते. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतो, कधीपासून?" आणि तू सांगायला लागलीस. जेवलं की घास दगडासारखा बसतो. भूक लागते, पण दोन घासांत भरते. त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. माझे सगळे प्रवेश, एकापाठोपाठ एक, फक्त कुणी हसत नव्हतं. डॉक्टर लिहून घेत होते. आणि तू, निर्लज्ज बाई, मान वळवून माझ्याकडे बघितलंस आणि काय म्हणालीस? "बघ, तुझ्यापेक्षा चांगली करते की नाही मी?"

मी हसले. डॉक्टरांना वाटलं, बाईला वेड लागलं. मला तेव्हा हसवल्याबद्दल मी तुला कधीही माफ करणार नाही.

मग फार दिवस लागले नाहीत. उशीर झालाय, असं सगळेच म्हणत राहिले. तुला बोलायला त्रास व्हायचा आणि मला न बोलता बसायला. एकदा मी कानाशी वाकून विचारलं, "का नाही सांगितलंस तिला?" तू डोळे मिटलेस. झोपलीस की उत्तर टाळलंस, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. तू असतीस तर मी म्हटलं असतं, टाळलंस.

दीड वाजला. आता लिहिणं बाजूला ठेवते, एक काम आहे.

---

हे दुसऱ्या दिवशी लिहितेय.

काल दुपारी मी तुझी मोठी कात्री आणि आमचा कोयता घेतला, आणि मागच्या गल्लीच्या बाजूनं सुरुवात केली. कात्रीच्या आवाजानं मिलिंद धावत आला.

"मावशी! काय करताय? आईची आठवण आहे ती!"

"माहितेय."

"मी तसंच ठेवणार होतो. हातसुद्धा लावणार नव्हतो."

"मग ती बोडकी होईल खालून, तुला काही माहीत नाही. तुझ्या आईनंच सांगितलंय, ही जून लाकडावरूनही फुटते. मरत नाही. तो कोयता धर आणि तिकडून ये. कमरेपर्यंत. त्याच्यावर एक पान नको."

त्यानं कोयता घेतला. मग रडत रडत तोडायला लागला. मीही. वास असा सुटला की सगळी गल्ली भरली. चार वाजेपर्यंत आमच्या दोघांच्या हातांना फोड आले होते, मागची बाजू कमरेला आली होती, आणि तुझ्या धुण्याच्या दगडावर पहिल्यांदाच गल्लीतलं ऊन पडलं होतं.

बरोब्बर चारला कुसुमवहिनी आल्या. सकाळचा आवाज त्यांचाच, ते मी ओळखलंच होतं. नेहमीच्या जागी येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या जागी काहीच नव्हतं. मी समोर, केसांत पाला, हातात कात्री.

"अगं बाई! कुंपण कुठं गेलं?"

"बसलंय खाली. कुणाला विचारायचं होतं, वहिनी?"

"ते… एका बाईला…"

"नाव काय तिचं?"

"नावाशी काय करायचंय तुम्हाला?"

"केसपेपरवर लिहितात. वयसुद्धा."

त्या लाल झाल्या. "सुशीलाताई कधी नाव विचारत नव्हत्या."

"नव्हत्या विचारत," मी म्हणाले. "म्हणून त्या आता नाहीत."

हे मी फार मोठ्यानं बोलले. मिलिंद मागे उभा होता. वहिनींचा हात नकळत पोटावर गेला, आणि त्यांनी तो झटकन काढून घेतला. बरणी मी आणलीच नव्हती. "मी चप्पल घालते," म्हणाले, "तोवर या, पायरीवर टेका. मिलिंद, पाणी आण."

त्या तुझ्या फाटकातून आल्या. उंबऱ्यापर्यंत नाही, पण पायरीवर टेकल्या. मिलिंदनं तांब्या-भांडं आणलं. त्यांनी भांड्याकडे बघितलं. "नको रे, आत्ताच पिऊन आले." माझ्या तोंडात काय आलं होतं ते तुला माहीत आहे. गिळलं. एका दिवसात त्या बाईकडून सगळंच कुठं मागू?

रिक्षात त्या मला सगळा रस्ता टाकून बोलत होत्या. उगाच, काही नाही, वाऱ्याचं असेल, यांना कळलं तर ओरडतील, तुम्हाला भारी हौस. मी हूं हूं करत होते. दवाखान्यात बाकावर बसलो. आमची पाळी आली. आत टेबलामागे डॉक्टर, वर पंखा, भिंती पांढऱ्या, आडोसा कुठंच नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघींकडे बघितलं.

"दाखवायचंय कुणाला?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. सुशे, एवढी मोठी भूमिका मी आयुष्यात केलेली नाही, तोंड बंद ठेवायची. माझ्या जिभेवर त्यांचं नाव, गाव, आणि कुंपणाशी ऐकलेला त्यांच्या पोटाचा सगळा इतिहास तयार होता.

"मला," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, मोठ्यानं म्हणाल्या, "मला दाखवायचंय. मला होतंय."

"हं. काय होतंय?"

वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या आणि सांगायला लागल्या. मी उठले, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "तुम्ही का आलात बाहेर? ऐकायचं ना, बाई एकटी आहे आत."

मी नुसती मान हलवली. आता ऐकून सांगू कुणाला?